साडेआठच्या आत खिडक्या

माझ्या आईला वारा सोसत नाही, असं आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीने परस्पर ठरवून टाकलं होतं. कारण मार्च संपला की ती सकाळी साडेआठच्या आत घराची एकूण एक खिडकी लावून घ्यायची, वर जाड पडदे ओढायची आणि संध्याकाळपर्यंत कोणालाही हात लावू द्यायची नाही. बाकी सगळी सोसायटी खिडक्या सताड उघड्या टाकून घाम पुसत वाऱ्याची वाट बघायची. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "वहिनी, गावाला गेला होतात का? नाही, खिडक्या बंद, पण दाराला कुलूप दिसलं नाही म्हणून विचारलं." एकदा त्या साखर मागायला आत आल्या, अंधारात क्षणभर चाचपडल्या आणि म्हणाल्या, "घर आहे की फोटो धुवायची खोली?" आई नुसती हसली. मी तेव्हा नववीत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू साखर घेऊन लगेच गेल्या नाहीत, चांगल्या दीड तास बसल्या, हे मात्र माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आई-वडील दोघं चंद्रपूरकडचे. वडिलांना पोस्टात नोकरी लागली आणि बदल्या होत होत आम्ही पुण्यात आलो. पुण्याच्या उन्हाळ्याला आई उन्हाळा मानतच नसे, पण तिकडची शिस्त तिने सोडली नाही. "उन्हाले एकदा घरात घेतलं का मंग ते पाहुण्यावानी बसते, उठत नाही," असं तिचं शास्त्र. रविवारी आम्ही सगळे विहारात वंदनेला जायचो, तर खिडक्या लागल्याशिवाय तिचा पाय घराबाहेर पडायचा नाही. संध्याकाळी सहा वाजले की उलट. सगळी सोसायटी डासांच्या भीतीने खिडक्या लावून घेत असताना आई आमच्या उघडायची, त्या थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. डासांसाठी तिने जुनी मच्छरदाणी फाडून प्रत्येक चौकटीला ठोकली होती, आणि खिळ्याने कापड फाटू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी. रस्त्यावरून आमच्या खिडक्या इतक्या गबाळ्या दिसायच्या की मी मैत्रिणींना उन्हाळ्यात घरी बोलवायचंच सोडून दिलं. सकाळी उठली की आई भिंतीला तळहात लावायची, पोराचा ताप बघावा तसा. भिंत गार लागली की तिच्या मनासारखं झालं.

पुढे मी आर्किटेक्चरला गेले. तिसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी सरांनी वर्गात अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवली. कुठल्याशा वाळवंटातली मातीची घरं, आणि त्यांत निळ्या-लाल बाणांनी दाखवलेली हवा. रात्रीच्या गार हवेने भिंती गार करून घ्यायच्या, दिवसा घर बंद ठेवायचं, म्हणजे त्या भिंती दिवसभर आतली उष्णता पीत राहतात. याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं आणि त्यावर एक जाडजूड परदेशी पुस्तक होतं. ते निळे बाण मला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येताना दिसत होते. आणि मी काय करावं? वहीत त्या पुस्तकाचं नाव लाल शाईने लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं. आमच्या घरी असंच करतात, एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

शिक्षण संपल्यावर मी कर्वे रस्त्यावरच्या एका लहानशा ऑफिसात लागले. तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. काम चुकलं तर रागवायच्या नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवायच्या. त्या चष्म्याला आम्ही सगळे घाबरायचो. तेव्हा खराडीत ज्वारीच्या शेतांना लागून एकेक काचेची इमारत उठत होती. आतली पोरं मे महिन्यात स्वेटर घालून बसायची, आणि वीज गेली की मागचा जनरेटर आख्ख्या गावाला धूर द्यायचा. मॅडमना हे बघवत नसे. सॉफ्टवेअरचं काम करणारे एक मालक त्यांच्याकडे इमारत मागायला आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एसी न लावता करून देते. सर्व्हरची एक खोली सोडून." मालकांना ते खरं वाटलं नसावं, पण लोडशेडिंगने ते इतके पिडले होते की हो म्हणाले. आणि सगळं गणित मॅडमनी माझ्यावर सोपवलं. भिंती किती जाड, झडपा किती आणि कुठे, हवा किती वेळ आत घ्यायची, सगळं. मी ते लाल शाईतलं पुस्तक उशाशी घेऊन झोपले, असं म्हटलं तरी चालेल.

इमारत उभी राहिली. मी कित्येक इमारती पाहिल्यात आणि नावंही ठेवलीत, पण त्या इमारतीपुढे मी आजही मुकाट होते. काळ्या दगडाच्या दुहेरी भिंती, उन्हाला दारातच थोपवणारे खोल छज्जे, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, आणि मधोमध थेट छपराच्या वर जाणारा एक पोकळ मनोरा. जमिनीलगतच्या झडपांतून रात्री गार हवा आत यायची आणि गरम हवा त्या मनोऱ्यातून वर निघून जायची. बांधकामाच्या दिवसांत मी एकदा त्या मनोऱ्याच्या तळाशी उभी राहून उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, कोणी दोरीने ओढून घ्यावा तसा. ना पंखा, ना मोटर. उदबत्ती संपून बोटाला चटका बसला तेव्हा मी भानावर आले.

आणि पहिल्याच उन्हाळ्यात इमारत तापली. साधीसुधी नाही, रणरणली. तेव्हाचे ते जाडजूड मॉनिटर, प्रत्येक टेबलावर एक, आणि मध्ये घामाघूम झालेली पोरं. एकाने फळ्यावर लिहिलं, "येथे पापड वाळवून मिळतील." माणूस पुण्याचाच असणार. मालकांनी मॅडमना फोन केला, "सोमवारी एसीवाल्याला बोलावलंय. तोवर गार झाली तर ठीक, नाहीतर भिंतींना भोकं पाडतो." त्याच आठवड्यात दिल्लीहून पत्र आलं होतं की ऊर्जा वाचवणाऱ्या इमारतींच्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी आमची इमारत शेवटच्या यादीत आली आहे आणि पंधरा दिवसांनी परीक्षक बघायला येतील. त्या दुहेरी भिंतींना एकदा भोकं पडली की पुरस्कार तर गेलाच, पण इमारतही गेली. ती आसपासच्या इमारतींसारखी डबा होणार, आणि तेही माझ्या गणितामुळे. मॅडमनी पत्र बाजूला सारलं आणि चष्मा काढून ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी खराडीला गेले. एरवी मी दुपारी जायची, तेव्हा झडपा उघड्या दिसायच्या. लोकांनी गरम होतंय म्हणून उघडल्या असतील, असं वाटायचं. त्या दिवशी आत शिरले आणि काही न ठरवताच माझा तळहात भिंतीला लागला. भिंत तापलेली होती. सकाळी आठ वाजता. रात्रभर गार हवा खेळलेली भिंत अशी असूच शकत नाही. म्हणजे गणित चुकलं की नाही ते पुढचं, आधी रात्री झडपा उघडतच नव्हत्या. मी नीट सूचना लिहून दिल्या होत्या, इंग्रजीत, बारा पानांच्या. शोधल्या तर ऑफिस बघणाऱ्या माणसाच्या खणात सापडल्या, दाबणाने शिवलेल्या, एकही पान न उलटलेल्या. दिवसभर मी तिथेच ठाण मांडलं.

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला साफसफाईच्या मावशी आल्या. वाघोलीच्या पुढच्या गावातून यायच्या त्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आकड्याची लांब काठी घेऊन त्यांनी एका टोकापासून झडपा धडाधड लावायला सुरुवात केली.

"मावशी, हे काय करताय?"

"दिवं लागायच्या आत लावाया लागत्यात, ताई. नदी हाय ना हितं. डास फोडून खात्यात."

"आणि सकाळी?"

"सकाळी समद्या उघडते की. हवा खेळाया नको व्हय?" आणि मी कौतुक करीन या अपेक्षेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येक दीस चुकवलं न्हाई म्या."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मावशींनी आमची इमारत अगदी मन लावून, एकही दिवस न चुकवता, उलटी चालवली होती. त्यांना बोल कसा लावणार? सहा वाजले, खिडक्या लावा, डास येतील, हे तर अख्ख्या पुण्यात घरोघरी चालतं. मला ते सुचायला हवं होतं. पण माझ्या पुस्तकातल्या वाळवंटात डास नव्हते, म्हणून माझ्या नकाशातही नव्हते. ज्या घरात मी वीस वर्षं झोपले त्या घराच्या प्रत्येक चौकटीला मच्छरदाणी ठोकलेली होती, आणि ती मला फक्त गबाळी दिसली होती. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाळी लावली की वारा अडणार. किती, ते काढ. उद्या सकाळी सांग."

त्या कंपनीला शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी असायची, तेव्हा आम्हाला याचं फार अप्रूप होतं. पण या वेळी त्या सुट्टीने आम्हाला तारलं. शुक्रवारी जाळी नव्हती तरी मावशींना विनवून सगळ्या झडपा उघड्या टाकल्या, चोरांसाठी गज होतेच, आणि डासांना चावायला आत कोणी नव्हतं. मी तिथल्याच एका टेबलावर कागद पसरून बसले. जाळीने वारा मंदावणार म्हणजे झडपा जास्त वेळ उघड्या हव्यात. पुस्तकातल्याप्रमाणे मी रात्री दहा ते पहाटे सहा धरलं होतं. आता संध्याकाळी सहालाच सुरू करायचं, आणि सकाळी बाहेरची हवा आतल्याहून गरम होईपर्यंत थांबायचं. ती वेळ कोणती, ते काढायला घेतलं. पुण्याच्या हवेचे तक्ते, भिंतीची जाडी, फरशी, माणसं, ते मेले मॉनिटर, सगळं घालून उत्तर आलं आठ वाजून चाळीस मिनिटं.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

पेन खाली ठेवलं. पाच वर्षं कॉलेजात घालवून, तक्ते पालथे घालून, मी साडेआठपाशी येऊन पोचले होते. वर दहा मिनिटं उरत होती, ती आईने हातची ठेवलेली असणार. सातवी शिकलेली बाई ती. मला तिथे एकटीला, त्या रिकाम्या हॉलमध्ये, रडू आलं. दुःखाचं नव्हतं. कोणीतरी फार मोठं माणूस आपल्या घरात इतकी वर्षं भाकऱ्या थापत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं काहीतरी वाटत होतं.

शनिवारी बोहरी आळीतून जाळीचे गठ्ठे आणले. दोन सुतार आणि मी, रविवार दुपारपर्यंत शेवटची चौकट झाली. सुतार खिळा ठोकायला गेला तशी मी म्हटलं, थांबा, मध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी घाला. "हे बरं सुचलं तुम्हाला," तो म्हणाला. मी पुढची पट्टी कापायला घेतली. मावशींना मी एकच गोष्ट मराठीत सांगितली, बारा पानं नाहीत. संध्याकाळी सहाला उघडायच्या, सकाळी साडेआठच्या आत लावायच्या, मध्ये कोणी कितीही मोठा साहेब आला तरी हात लावू द्यायचा नाही.

सोमवारी सकाळी भिंतीला हात लावला आणि तसाच राहू दिला. दगड गार होता. वरवर नाही, आतून. तीन रात्री त्याने मुकाट्याने गारवा साठवला होता. चपला काढल्या, तर फरशीचा गारवा तळपायातून वर चढला. मावशीही चपला काढून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. "आगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "देवळात आल्यावानी वाटतंय."

दुपारी तीनला मालक एसीवाल्याला घेऊन आले. बाहेर डांबर वितळत होतं. सगळे आत आले आणि दारातच थबकले. एसीवाल्याबरोबरच्या कारागिराने ड्रिल मशीन खाली ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसून डोळे मिटले. मालकांनी मला विचारलं, "सर्व्हर रूमचा एसी इकडे वळवलाय का?" मी नाही म्हटलं. ते सगळीकडे फिरून आले, पडद्यामागे बघितलं, मनोऱ्याखाली उभं राहून वर पाहिलं. मग एसीवाल्याला म्हणाले, "तुम्ही पुढच्या सोमवारी या." तो सोमवार पुढे कधी आलाच नाही.

परीक्षक आले ते ऐन मे महिन्यात, भर दुपारी. तिघं होते. त्यातले प्रमुख वृद्ध होते, फारसं बोलत नव्हते. त्यांनी बूट-मोजे काढले आणि अनवाणी सगळा हॉल फिरले. इतकी शांतता की कीबोर्डची टकटक तेवढी ऐकू यायची. मग त्यांना झडप कशी चालते ते बघायचं झालं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली मात्र, मावशी कुठून आल्या कोण जाणे. "ओ सायब, ठेवा ती काठी. आत्ता न्हाई उघडायची. सहाला या." त्या गृहस्थांना मराठी येत नव्हती, मॅडमनी भाषांतर केलं आणि सकाळी साडेआठच्या आत लावायचा नेमही सांगितला. त्यांनी काठी मावशींच्या हातात दिली आणि त्यांना नमस्कार केला, अगदी वाकून.

मग ते माझ्याकडे वळले. या वेळा, सहा आणि साडेआठ, कुठून मिळाल्या? आता सांगायचं होतं. मावशी काठी धरून उभ्या होत्या, मॅडम बघत होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं ते त्या जाडजूड पुस्तकाचं नाव. अर्जात 'मूळ कल्पनेचा आधार' या रकान्यातही मी तेच लिहिलं होतं. त्यांनी मान हलवली आणि टिपून घेतलं.

पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात इमारतीचा फोटो आला, मॅडमचा आला, कोपऱ्यात अर्धी मीही आले. त्या रविवारी सकाळी शेजारच्या काकू पेपर घेऊन आमच्याकडे आल्या. साडेआठ वाजत आले होते, आई खिडक्या लावत होती. काकूंनी चष्मा सारखा केला, बातमी मोठ्याने वाचली आणि पेपरची घडी घातली.

"यात लिहिलंय, ही युक्ती परदेशी पुस्तकातली आहे," त्या मला म्हणाल्या. "मग तुझी आई इतकी वर्षं कुठलं पुस्तक वाचून खिडक्या लावत होती?"

माझे कान तापले. आई पडदा ओढता ओढता थांबली, एकदा माझ्याकडे तिने पाहिलं, आणि पुन्हा पडदा ओढू लागली. त्या बघण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. काकू उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि आईला म्हणाल्या, "वहिनी, त्या जाळीला मध्ये काय लावता हो तुम्ही? ट्यूब ना? सायकलची की स्कूटरची?"

"सायकलची," आई म्हणाली. "बसा, चहा टाकते."

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि अर्जाची आमच्याकडची प्रत काढली. पुरस्कार मिळून गेला होता, आता त्यात काही बदलून उपयोग नव्हता. तरी मी पुस्तकाचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'माझी आई.' ती प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, चंद्रपूर, पडदे, मच्छरदाणी, मैत्रिणींना घरी न बोलावणं, सगळं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मी मान खाली घालून उभी राहिले.

"आधी सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर डासांचं तेव्हाच विचारून घेतलं असतं त्यांना." मग, "दुसऱ्या मजल्याच्या पश्चिमेच्या भिंतीचं अजून माझं समाधान नाही. आईंना घेऊन ये एकदा. उद्या सकाळी आठला मी तिथे आहे."

घरी येऊन मी आईला निरोप सांगितला. इतक्या मोठ्या बाई, पुरस्कार मिळालेल्या, तुला विचारायला बोलावतायत, असंही म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. तिने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"येतो," ती म्हणाली. "पण साडेआठच्या नंतर. आधी घरच्या खिडक्या लावू दे."